एका टाक्याला एक सामना

चष्मा काढून फायलीवर ठेवायचा, डोळे चोळायचे आणि मग विचारायचं, "टाकं किती?"

शिस्तपालन समितीची प्रत्येक सुनावणी काका अशीच सुरू करायचे. कोणी कोणाला का पाडलं, शिट्टीच्या आधी की नंतर, हे सगळं त्यांच्या लेखी पाल्हाळ. जखमेला टाके किती पडले तेवढं सांगा. एका टाक्याला एक सामना बंदी. विषय संपला. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल, ज्याच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

चाकणच्या पट्ट्यातल्या कंपन्यांची दरवर्षी कबड्डी स्पर्धा होते. धसमुसळ्या खेळाच्या तक्रारी ऐकायला तिघांची समिती असते. तेव्हा त्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे साहेब होते आणि अध्यक्ष म्हणून काका. ते तळवड्याकडच्या जुन्या शेतकरी घरातले, आयुष्यभर पंचगिरी केलेले. मी आमच्या कंपनीच्या एचआरमध्ये नवीन होते. "तू फार बोलत नाहीस, तूच लिहायला बस," असं म्हणून माझ्या हातात इतिवृत्ताची वही आली.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. पहिल्याच बैठकीत 'निलंबित' हा शब्द आठवेना, म्हणून मी लिहिलं, 'खेळाडूला तीन सामन्यांसाठी टांगण्यात आले.' काकांनी ते मोठ्याने वाचलं. "आरं देवा! फाशीच दिली की म्याडमनं!" दोन्ही साहेब हसत सुटले. पुढच्या बैठकीला काकांनी मला लागतील ते शब्द एका चिठ्ठीवर लिहून आणले: निलंबित, ताकीद, फेटाळले. अक्षर सुंदर होतं. माझा राग मात्र गेला नाही.

तो वाढवायची सोय ते स्वतःच करायचे. एका सामन्यात शिट्टी झाल्यावर एकाने दुसऱ्याच्या गुडघ्यावर उडी मारली. लिगामेंट तुटलं. चौघांनी उचलून नेलं त्याला.

"टाकं किती?"

"एकही नाही," मी म्हणाले.

"मग ताकीद."

"काका, तो मुलगा कित्येक महिने कामावर येणार नाही. लिगामेंट आत तुटतं. बाहेरून टाके दिसत नाहीत."

"मग मी काय मोजू, पोरी?"

आणि त्याच संध्याकाळी, उडी मारताना कोपर लागून समोरच्याची हनुवटी फुटली म्हणून एका गरीब गाईसारख्या मुलाला चार सामने घरी बसवलं. मी दात आवळून लिहिलं.

मग आमच्या कंपनीच्या डाव्या कोपरारक्षक मुलीचं प्रकरण आलं. तीन वर्षं ती वायरिंगच्या लाइनवर कंत्राटी होती. स्पर्धा संपली की दोन खेळाडूंना कायम करणार, असं कंपनीने सांगितलं होतं, आणि त्यातली एक जागा तिचीच, हे कँटीनमध्ये सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. दुसऱ्याच सामन्यात तिने चढाई करणाऱ्या मुलीचा घोटा धरला. ती मुलगी उलटी वळली, गुडघा पिळायला लागला, तेव्हा हिने पाय सोडला. सुटल्याच्या जोरात ती मुलगी गुणफलकाच्या टेबलावर जाऊन आदळली. भुवई फुटली.

"काका, धरून ठेवला असता तर गुडघा गेला असता तिचा," आमची मुलगी म्हणाली. हात पाठीमागे, मान सरळ.

"टाकं किती?"

पाच. स्पर्धेत आमचे उरलेले सामनेही पाचच, तेही अंतिम फेरी गाठली तर. डॉक्टरच्या चिठ्ठीची झेरॉक्स काढायला मी खाली गेले. परत आले तर खोलीत कोणी बोलत नव्हतं. दोन्ही साहेब खिडकीकडे बघत होते.

"लिही. पाच टाकं, पाच सामनं," काका म्हणाले. "बाकी एक अक्षर लिहू नको."

पार्किंगमध्ये मी त्यांची स्कूटर अडवली. सामन्याचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तीनदा पाहिला.

"सोडलाय गं पोरीनं पाय."

"मग बदला निकाल!"

"आन उद्या ज्याचा व्हिडिओ न्हाई, त्याला काय सांगू?"

"पण हिचा आहे ना!"

"हाय," ते म्हणाले, हेल्मेट घातलं आणि गेले. मी इतक्या मोठ्याने आजवर कोणाशी बोलले नव्हते. गेटवरचा सिक्युरिटीवाला बघत होता.

कायम झाल्या त्या दुसऱ्याच दोघी. तिचं कंत्राट पुढे वाढवलं नाही.

यंदा काका समितीवर नाहीत. गुडघे दुखतात, असं कारण सांगितलं गेलं. साहेब तेच आहेत, अध्यक्ष नवे. नवा छापील अर्जही आला, त्यात 'हेतू' असा रकाना. साहेब सांगतात, मी भरते. चला, एकदाचा शहाणपणा आला, असं मला वाटलं.

गेल्या आठवड्यात नव्या अध्यक्षांच्या सहीसाठी फाइल घेऊन तळवड्याला गेले होते. बसस्टॉपवर ती मुलगी भेटली. आता तिथल्याच एका लहान कंपनीत आहे.

"म्हातारबुवा आहेत का अजून?"

"नाहीत."

"वाट लावली माझी त्यांनी."

"अगदी," मी म्हणाले. मनापासून.

तिने बस येते का ते वाकून पाहिलं. "तुम्ही झेरॉक्सला गेला होतात ना मॅडम, तेव्हा त्या दोघांतल्या एका साहेबांनी माझं कार्ड हातात घेतलं. आडनाव वाचलं. म्हणाले, ह्या लोकांच्या पोरी अशाच. मुद्दाम पाडलंय, तसं लिहा, कायमची बंदी घाला. दुसऱ्यांनी मान डोलावली."

"आणि काका?"

"कार्ड काढून घेतलं त्यांच्या हातातून. म्हणाले, मन वाचायला बसलात आन आडनाव वाचताय व्हय?" तिने पर्स खांद्यावर सरकवली. "राग आहेच मला त्यांचा. ते पाच सामने म्हणजे माझी नोकरी होती. पण इथे विचारलं, आधीची काही केस आहे का? मी निकालाचा कागद दाखवला. पाच टाके, पाच सामने. बाकी काही नव्हतंच त्यात. घेतलं टीममध्ये."

तिची बस आली. ती चढली, खिडकीतून हात केला.

फायलीत त्या आठवड्याचे चार अर्ज होते. चारही 'हेतू' माझ्याच अक्षरात भरलेले. मी स्टॉपवर उभ्या उभ्या फाइल उघडली आणि आडनावं वाचायला लागले.