बिननंबराचा चष्मा

लाहू वरठा वाचायला उभा राहिला की चॅपलमधली रडणारी लेकरंसुद्धा गप्प होत. आवाजच तसा होता त्याचा, भरलेला, खणखणीत. तलासरीजवळच्या त्या पाड्यावर फादर महिन्यातून एकदाच येत, बाकीच्या रविवारी प्रार्थना लाहूच चालवायचा. पांढरा सदरा, नाकावर चष्मा, हातात उघडलेलं पुस्तक. आठवडाभर घोलवडच्या नर्सरीत चिकूची कलमं बांधणारा हा माणूस रविवारी थेट हेडमास्तर वाटायचा.

आणि लाहूला वाचताच येत नव्हतं!

चष्मा त्यानं चारोटीला हातगाडीवरून घेतलेला, साध्या काचेचा. दर शनिवारी लेक निलम त्याला दुसऱ्या दिवशीचं वाचन तीनदा वाचून दाखवायची. तिसऱ्यांदा ऐकलं की शब्द न् शब्द त्याच्या डोक्यात पक्का. निलम लग्न होऊन बोईसरला गेली, तेव्हा हेच काम फोनवर सुरू झालं. अकरा वर्षांपूर्वी फादरनी आवाज ऐकून पुस्तक हातात दिलं, तेव्हा चारचौघांत ‘नाही’ म्हणायची त्याला लाज वाटली. मग आज सांगू, उद्या सांगू करत दिवस गेले. कुणी घरी कागद घेऊन आलं की तो म्हणायचा, “चष्मा सापडत नाय रे.” हळूहळू सगळा पाडा त्याला शिकलेला समजू लागला, आणि ते त्याला आवडूही लागलं.

शिवाय तो कडक होता. गेल्या ईस्टरला पाड्यावरच्या रघ्यानं अर्पणाची टोपली पुढे न्यायला हात पुढे केला, तर लाहूनं सगळ्यांदेखत अडवलं. “संध्याकाळी ताडी आणि सकाळी टोपली? आत एक, बाहेर एक, असलं देवाला चालत नाय.” रघ्या खाली मान घालून मागे जाऊन बसला.

एका शनिवारी निलमकडून घोटाळा झाला. घाईघाईत तिनं दुसऱ्या दिवशीचं सोडून त्याच्या पुढच्या रविवारचं वाचन वाचून दाखवलं. इकडे चॅपलमध्ये लाडकीनं नेहमीसारखी पुस्तकात बरोबर पानावर फीत ठेवली होती. लाडकी नर्सरीत लाहूबरोबरच कामाला, लग्नानंतर प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकलेली. आपल्या छोट्या पुस्तकात बोट फिरवत ती वाचन ऐकायची. समोर पान होतं हरवलेल्या मेंढराचं, आणि लाहू चष्मा सावरत, पान उलटत, झोकात सांगत होता पेरणाऱ्याची गोष्ट!

लाडकीचं बोट थबकलं. बाकी कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. उलट म्हाताऱ्या म्हणाल्या, “आज काय वाचलंस रे, बाबा!”

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत लाडकी त्याच्या शेजारी येऊन बसली. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, “लाहूदा, काल पान एक होतं आणि बोललास दुसरंच.”

लाहूच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

“कुणाला सांगितलंस?”

“नाय. सांगणार पण नाय. तुला सांगावंसं वाटलं, एवढंच.”

ती उठून गेली. लाहूनं त्या दिवशी चार कलमं वाकडी बांधली. चोरी पकडली गेली याचं त्याला तितकं वाटत नव्हतं, पण डोळ्यांपुढून रघ्याची खाली गेलेली मान हलेना. घरी बायको रूपीला सांगितलं, तर ती चूल फुंकत म्हणाली, “अकरा वर्षं मी वाट बघतेय, तू कधी सांगतोस त्याची.”

पुढच्या रविवारी लाहू उभा राहिला. चष्मा काढला, खिशात घातला.

“मला वाचता येत नाय,” तो म्हणाला. “कधीच येत नव्हतं. पोरगी वाचायची, मी पाठ करायचो. हा चष्मा पण खोटा. आणि रघ्या, तुला मी बोललो ते मी मलाच बोलायला पायजे होतं.”

मागून रघ्याच बोलला, “म्हणजे लाहूदा, मी ताडी पिऊन यायचो आणि तू चष्मा लावून!”

कुणीतरी फस्सकन हसलं, आणि बघता बघता सगळे हसले, लाहूसकट. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हसू थांबलं तशी एक म्हातारी म्हणाली, “आता वाचणार कोण?”

“आज लाडकी वाचेल,” लाहू म्हणाला. “आणि मी शिकणार.”

शिकला, पण कसा! दुपारी चिकूच्या सावलीत लाडकी रोपांना लावायच्या पट्ट्यांवर मार्करनं अक्षरं काढायची. चोपन्न वर्षांचा लाहू ती खिशात घालून घरी न्यायचा, अंगणात मांडायचा, रूपीला बोलावून दाखवायचा. ‘घ’ आणि ‘ध’नं त्याला आठ दिवस छळलं. पाठांतराची सवय वैरीण झाली होती. पहिलं अक्षर दिसलं की तो पुढचं सगळं अंदाजानं ठोकून द्यायचा आणि लाडकी ओरडायची, “आठवू नकोस, बघ!”

एका संध्याकाळी घोलवडच्या नाक्यावर एसटी आली. लाहूनं पाटीकडे पाहिलं. त... ला... स... री. “तलासरी!” तो मोठ्यानं ओरडला. शेजारच्या बाईला म्हणाला, “ताई, तलासरी लिहिलंय!” एवढं होईपर्यंत गाडी निघूनही गेली. त्याला त्याचं काहीच नव्हतं. पुढच्या गाडीत बसला आणि वाटेतली एकेक पाटी मोठ्यानं वाचत गेला. चहा, पंक्चर, सिमेंट, थंड पाणी! कंडक्टर म्हणाला, “काका, जरा श्वास घ्या.”

सहा महिन्यांनी लाडकी म्हणाली, “ह्या रविवारी तू.” निलमही मुद्दाम बोईसरहून आली. लाहू पुस्तक घेऊन उभा राहिला. तो खणखणीत आवाज कुठे गेला कुणास ठाऊक! एकेका शब्दावर बोट ठेवत, अडखळत, घाम पुसत तो पुढे सरकत होता. जे वाचन तो कधीकाळी तीन मिनिटांत झोकात म्हणायचा, त्याला आता पंधरा मिनिटं झाली तरी निम्मंही झालं नव्हतं. पण एक माणूस हलला नाही. सगळे पुढे वाकून ऐकत होते, जणू काय होणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मध्येच तो अडला. गावाचं नाव होतं, लांबलचक, डोक्यावर रफार घेतलेलं.

“क... फ...”

पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं तोंड उघडलं.

“सांगू नका!” लाहू ओरडला. “कुणी सांगू नका!”

निलमनं पदर तोंडात धरला. रघ्या बाकावरून अर्धा उठला होता.

“कफ... र्ण... हू... म. कफर्णहूम!” लाहूनं मान वर केली, चेहरा नुसता उजळलेला. “अरे, ह्यात ‘ह’ आहे! इतकी वर्षं मी कपरनूम म्हणत होतो!”

“पुढे, पुढे!” सगळं चॅपल एका सुरात म्हणालं, आणि लाहूनं बोट पुढच्या शब्दावर ठेवलं.