जीपला दिलेला जुलाब

मी एकदा आमच्या जीपला जुलाब दिला होता. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा पंचेचाळीस वर्षांची ती बाई, म्हणजे मीच, जराही हसत नव्हती. कुरखेड्यात आपल्याइतकी हुशार बाई दुसरी नाही, असं तिचं पक्कं मत होतं. दहावी पास होती. धान कापल्यावर शेताच्या रिकाम्या बांधीत नवऱ्याकडून गाडी चालवायला शिकली होती. जवळचं दिसेनासं झालं होतं, पण चष्मा लावला तर रूप उतरेल म्हणून तो कमरेच्या पिशवीत ठेवायची. कोणतं रूप, ते तिलाच ठाऊक.

आमचा धंदा आठवडी बाजारांचा. कांदे, लसूण, मीठ, लाल मिरची आणि सुके बोंबील. आज कुरखेडा, मग मालेवाडा, मग पुराडा, असे आठवड्याला तीन बाजार, आणि सगळा माल एका जुन्या डिझेल जीपमध्ये. आम्ही घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. आधीच्या मालकाने घुग्घुसच्या कोळशाच्या धुळीत तिला वर्षानुवर्षं घासलं होतं. पुढे आमच्याकडे तिच्या अंगात बोंबलाचा वास असा मुरला की कोणत्याही गावात शिरलो की आधी कुत्री यायची आणि मग गिऱ्हाईक.

जीप चालली तर बाजार, आणि बाजार झाला तर घर. दुसरी गाडी घेण्याची आमची ऐपत नव्हती. म्हणून आमचे हे तिला फार जपायचे. रोज सकाळी इंजिनातलं तेल मोजायची पट्टी ओढून काढायचे, दोन बोटांवर तेल चोळायचे, नाकाशी न्यायचे. माझ्या भाजीचा वास त्यांनी कधी इतकं मन लावून घेतला नाही, हे मी चारचौघांत बोलून दाखवायची.

त्या वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. माझी नणंद चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला राहायची. तिच्या क्वार्टरमध्ये पंधरा दिवस राहून चंद्रपूरला ऑपरेशन करायचं ठरलं. निघताना बसस्टॉपवर पिशवी खांद्याला लावून हे म्हणाले, "बाजार करजो. पण गाडीले काही करू नको. तेल खाते तं खाऊ दे, कमी झालं का वरून टाकजो. तिच्या पोटात हात घालू नको."

"मी काऊन हात घालीन जी?"

"तुले सवय हाये म्हणून सांगून राह्यलो."

सवय होती, हे खरं. आमच्या घरात पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्यांना एरंडेल प्यावं लागे. माझ्या आईचा तो नेम, मी सासरी आणला. लेकरांची नाकं दाबून, नवऱ्याला गुळाच्या खड्याची लालूच दाखवून, एकदा तर पोट फुगलेल्या वासरालाही बांबूच्या नळीने पाजलं होतं. आईचे नियम दोन. एरंडेल पिऊन झोपून राहायचं नाही, फिरायचं, म्हणजे ते आतड्यात सगळीकडे लागतं. आणि पोटात मुरडा आला की घाबरायचं नाही. मुरडा आला म्हणजे औषध लागू पडलं. वासरू वाचलं होतं, त्यामुळे माझा या शास्त्रावर फार विश्वास होता.

हे गेल्यावर दोन दिवसांनी मी वडशाला माल भरायला गेले. तिथे गाड्यांच्या सामानाच्या दुकानात पंख्याचा पट्टा घेताना फळीवर एक छोटा चकचकीत डबा दिसला. दुकानदार म्हणाला, "बाई, हे इंजिन धुवायचं औषध हाये. तेलात टाकलं का आतली सारी घाण सुटते."

"सारी?"

"सारी. पण आयका..."

मी काय ऐकते. मी डबा उचलून जीपकडे निघालेही होते. मागून तेलाचं आणि फिल्टरचं काहीतरी तो सांगत होता. मला वाटलं, आणखी दोन वस्तू माझ्या गळ्यात मारून राह्यला. डब्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत बरंच लिहिलेलं होतं. चष्मा पिशवीत होता. पिशवी कमरेला होती. दहावीपर्यंतचं इंग्रजीही डोक्यात कुठेतरी होतं. पण डब्यावरच्या मोठ्या अक्षरांतला 'क्लीन' मला बिनचष्म्याचा वाचता आला, आणि मी तेवढ्यावर समाधान मानलं.

मनात चित्र असं की हे परत येतील, पट्टी ओढतील, बोटांवर तेल चोळतील आणि म्हणतील, अरे, हे तं सोन्यासारखं झालं. मग मी पदर सावरून म्हणेन, मी काहीच नाही केलं जी.

दुसऱ्या दिवशी मालेवाड्याचा बाजार. सकाळी इंजिन गरम केलं, झाकण उघडलं आणि अख्खा डबा आत ओतला. औषध पोटात गेलं. आता आईच्या नियमाप्रमाणे रुग्णाला फिरवायला हवं. मागे कांद्याची पोती, मिरची, बोंबलाचे गठ्ठे भरलेलेच होते. वाटेत चिंचेची टोपली घेऊन बाजाराला निघालेली एक म्हातारी भेटली, तिला बाजूला बसवलं आणि निघाले.

पहिले काही किलोमीटर जीप अशी पळाली की काय सांगू. आवाज हलका, धूर कमी. मी म्हातारीला म्हटलं, "पाह्यलं का आजी, औषधाचा गुण."

"गाडीले बी औषध देतेत का?" ती म्हणाली.

"मी देते."

जंगल लागलं, चढ सुरू झाला, आणि समोर तेलाचा लाल दिवा लागला. आधी लुकलुकला, मग लागूनच राहिला. यांनी मला बांधीत शिकवलं होतं की हा दिवा लागला तर गाडी तिथल्या तिथे बंद करायची. ते मला आठवलं. पण आईही आठवली. मला वाटलं, हा मुरडा आहे. औषध आता लागू पडलं. दिवा लागलेला असतानाच मी पुढे रेटली.

थोड्या वेळाने आत कोणीतरी हातोडीने ठोकावं तसा आवाज यायला लागला. टक, टक, मग जोरात. म्हातारी माझ्याकडे पाहत नव्हती. ती पायाखालच्या पत्र्याकडे पाहत होती.

"बाई, ही रडून राह्यली."

"नाही आजी, तिचं पोट साफ होऊन राह्यलं."

"माह्या चार लेकरायचं पोट साफ झालं, पण असं कोणी ठोकत नव्हतं. थांबव."

मी थांबवली. आजही वाटतं, त्या म्हातारीने टोकलं नसतं तर मी मालेवाड्यापर्यंत नेलीच असती. इंजिन बंद झालं तसं जंगलात एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत मला कळलं की मी काहीतरी मोठं करून बसले. म्हातारीने टोपली डोक्यावर घेतली. जाताना म्हणाली, "बोंबील सावलीत ठेवजो." आणि चालू लागली. मी मोहाच्या झाडाखाली बोंबलाचे गठ्ठे उतरवले आणि तिथेच बसले. दोन तासांनी एक ट्रॅक्टर आला, त्याने दोर बांधून जीप कुरखेड्याला ओढून आणली.

आमचे मिस्त्री यांच्याच वयाचे. तरुणपणी घुग्घुसला कोळशाच्या ट्रकांवर काम केलेले, नंतर कुरखेड्यात येऊन गॅरेज टाकलेलं. जीपखाली शिरले, तेल उतरवलं, मग खालचं चेंबर खोललं. बऱ्याच वेळाने मला हाक मारली, "भाभी, इकडे या. पाहा."

तेल वर खेचून घेणारी एक जाळी असते, ती त्यांच्या हातात होती. तिच्यावर मोहाची दारू गाळल्यावर उरतो तसा काळा चोथा थापला होता. एकही भोक उघडं नव्हतं.

"काय टाकलं?"

मी डबा दाखवला. त्यांनी खिशातून स्वतःचा चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि ती मुंगीएवढी अक्षरं सगळी वाचली. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भाभी, ये डालके गाडी चलाते नहीं. उभी ठेवायची. दहा मिनिटं इंजिन चालू, मग सारं तेल काढून फेकायचं, फिल्टर नवा, तेल नवं. तेव्हा ती घाण बाहेर येते. तुम्ही घाण सोडवली आणि आतच फिरवली. ती येऊन जाळीत बसली. वर तेलच गेलं नाही, तं लोखंड लोखंडाले घासलं."

"मंग हे नव्या गाडीत टाकतेत का?"

"नई गाडी को जरूरत नहीं. आणि इतक्या जुन्या गाडीत मी तं टाकूच देत नाही. बरसोंका मैल है, एकदम सुटलं तं असंच होते. जुनीचं तेल लवकर लवकर बदलायचं. दोन-तीन बदलात हळूहळू धुऊन निघते. हिले घाई नाई चालत."

"वाचंल का गाडी?"

त्यांनी आतल्या बेअरिंगा उतरवून एकेक उजेडात धरून पाहिल्या. त्या खाल्ल्या गेल्या होत्या. मग आतल्या दांड्यावरून अंगठ्याचं नख फिरवत राहिले. तो दांडा गेला तर इंजिनच गेलं, एवढं मला माहीत होतं. मी दाराशी उभी होते. नख कुठे अडकतं का, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "अर्धा किलोमीटर आणखी चालवली असती, तं संपली होती. आता वाचंल."

संध्याकाळी ऊर्जानगरहून यांचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर पट्टी होती. "बाजार कसा झाला?"

"झाला."

"गाडी?"

"मस्त हाये जी."

पुढचे सहा दिवस रोज संध्याकाळी मी हेच सांगितलं. दोन बाजार बुडाले, तेही झाले म्हणून सांगितले. मिस्त्री रोज म्हणायचे, "भाऊंना सांगा." मी रोज म्हणायची, "तुम्ही गाडी तयार करा, मी सांगते." गाडी तयार झाली. नव्या बेअरिंगा, नवा फिल्टर, नवं तेल, आणि काही दिवसांनी तेल परत बदलायची ताकीद. आवाजही चांगला आला. तेव्हा त्या हुशार बाईने ठरवलं की आता सांगायची काय गरज.

हे परत आले, डाव्या डोळ्यावर हिरवं कापड. चहासुद्धा घेतला नाही. अंगणात जीपपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "चालू कर."

मी चालू केली. ते बॉनेटवर हात ठेवून, मान तिरकी करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "बंद कर." मी बंद केली.

"खाली उतर."

मी उतरले.

"इंजिन कोणी खोललं?"

मग मी सगळं सांगितलं. एरंडेल, डबा, म्हातारी, जाळी. चष्म्याचंही सांगितलं, कारण ते राहून गेलं असतं तर मिस्त्रींनी सांगितलंच असतं. मध्ये त्यांनी एकदाच विचारलं, "लाल लाईट लागल्यावर किती चालवली?" मी म्हटलं, "पाऊणेक किलोमीटर." त्यांनी पट्टी ओढली, बोटांवर तेल चोळलं, नाकाशी नेलं, पट्टी पुसून परत आत घातली. मी वाट पाहत होते की आता चावी मागतील. मी ती कमरेतून काढून हातात धरलीही होती. आता जन्मभर मागे कांद्याच्या पोत्यांवरच बसायचं, असं मी मनाशी म्हणून टाकलं होतं.

ते ओट्यावर टेकले, चपला काढल्या आणि म्हणाले, "परवा मालेवाड्याचा बाजार हाये. चाबी तुह्याजवळच राहू दे, चालवजो तू. मी बाजूले बसतो. डोळा झाकला हाये माहा, कान नाई."