मयत निरंक

सोनजे संस्थानाच्या दवाखान्यात सलग सहा वर्षं कोणी मेलं नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, काय दवाखाना असेल! दवाखाना तसा बेताचाच होता. दहा खाटा, एक औषधांचं कपाट, आणि आठवड्यातून एकदा, तेही मनात आलं तर, कल्याणहून येणारा डॉक्टर. बाकी सगळा कारभार परशुराम ताम्हाणे या कंपाउंडरच्या हातात. तरीही संस्थानाचा जो वार्षिक अहवाल छापून निघे, त्यात दवाखान्याच्या पानावर ‘मयत’ या सदरापुढे दरसाल एकच शब्द असे: निरंक.

याची सुरुवात अगदी सहज झाली. एका वर्षी दैवयोगाने दवाखान्यात खरोखरच कोणी दगावलं नाही. मार्गशीर्षात इंग्रज सरकारचे एजंटसाहेब तपासणीला आले, आकडे पाहून खूश झाले आणि दिवाणांना म्हणाले, उत्तम. त्या एका शब्दावर दिवाणसाहेब वर्षभर तरंगत होते. आता पुढल्या साली दोन माणसं मेली असं कुठल्या तोंडाने लिहायचं? अहवालात संस्थान दरवर्षी थोडं पुढेच जायला हवं. रस्ता चार हात लांब, शाळेत पोरं चार जास्त. मागे गेलं तर साहेब भुवई उचलणार, आणि साहेबाची भुवई उचलली गेली की राजेसाहेबांना जेवण जात नसे. तेव्हा दिवाणांनी परशुरामला बोलावून घेतलं. मरणाचं नावही न काढता म्हणाले, “परशुरामराव, ज्याचं काही खरं नाही, त्याला आपल्या माणसांत असू द्यावं. उगाच खाट कशाला अडवायची?”

परशुरामला एवढं पुरलं. त्याची जीभ गोड होती, आणि ती गोड आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने कधी कोणाला ‘रोगी घेऊन जा’ असं सांगितलं नाही. तो नातलगांशेजारी जाऊन बसे. घरी कोण कोण असतं, म्हातारी वाट बघत असेल नाही, गाय व्यायली का, असं विचारत राही. मग हळूच म्हणे, “इथं परक्या छपराखाली त्याचा जीव रमत नाहीसं दिसतं. मी आपलं बोललो हो. तुमचं माणूस, तुमची मर्जी.” थोड्या वेळाने नातलगच हात जोडून उभे राहत आणि म्हणत, आम्ही घरी नेतो. परशुराम मान हलवी. “बघा बुवा, तुमचा आग्रहच असेल तर.” माणूस घरी जाऊन मरे. अहवालात तो ‘बरे होऊन गेले’ या सदरात जाई.

त्याला दुष्ट म्हणावं तर तसा तो नव्हता. औषध मनापासून देई, जखम हलक्या हाताने बांधी. फक्त वरचा माणूस खूश झाला की त्याला स्वतःलाही बरं वाटे. आणि त्या बरं वाटण्यापुढे त्याला दुसरं काही दिसत नसे. असे लोक आपल्यात पुष्कळ आहेत. बहुतेकांच्या हातात दवाखाना नसतो एवढंच.

तपासणीच्या दिवशी रिकाम्या खाटाही चालत नसत. मग वाड्यावरचे हुजरे आणि शिपाई आंघोळ करून, धुतलेल्या चादरी गळ्यापर्यंत ओढून पडत. पुरुषांचं कसंही जमे. पण बायकांच्या खाटांवर कोण निजणार? शेवटी परशुरामची बायको सुमती निजायची. लग्न नवीन होतं, वय लहान होतं, तिलाही गंमत वाटे. साहेबाने दिवाणांमार्फत विचारायचं, कसं वाटतंय, आणि तिने डोळे मिटून म्हणायचं, “आता बरं आहे.” मग वाड्यावरून पेढे येत. पहिल्या वर्षी पेढे खाताना हसता हसता तिची पुरेवाट झाली होती.

सेहेचाळीस सालच्या मार्गशीर्षात कुडशेत गावचा काळुराम आपल्या बायकोला झोळीत घालून आला. तिचं नाव रतन. पहिलटकरीण, मुलगी झालेली, आणि पाठोपाठ अंगात फणफणून ताप. काळुरामच्या नशिबाने त्या दिवशी डॉक्टर हजर होता. त्याने सल्फाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं की चार दिवस हिला हलवायचं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरायला लागला. काळुराम विहिरीवर गेला होता, तेवढ्यात रतनने परशुरामकडे पेज मागितली. तिचा आवाज खोल गेलेला होता, पण डोळ्यांत ओळख होती. परशुरामला मनापासून आनंद झाला.

आणि त्याच सकाळी दिवाणांचा कारकून निरोप घेऊन आला. उद्याऐवजी साहेब आज दुपारीच येतात, बरोबर मडमसाहेबही आहेत, बायकांच्या खोलीला बाळंतिणीचा वास येतो, तेव्हा ती खाट मोकळी करावी.

परशुराम घुटमळला. आजवर त्याने घालवली ती माणसं जाणारीच होती, निदान तो स्वतःला तसं सांगत असे. ही तर सुधारत होती. दिवाणांकडे जाऊन ‘ही बाई हलवता येत नाही’ एवढं एक वाक्य बोलायचं होतं. दिवाण रागावले असते. कदाचित ओरडलेही असते. त्याहून जास्त काही झालं नसतं, हे पुढे त्याला हजारदा वाटलं. पण त्या सकाळी तो उठला आणि सवयीने काळुरामजवळ जाऊन बसला. पेजेचं बोललाच नाही. पोरीचं बोलला, तिला सांभाळत घरी वाट बघणाऱ्या त्याच्या सासूचं बोलला. काळुरामनेच शेवटी विचारलं, “दादा, घरी नेली तं चालंल?”

“तुझी मर्जी रे बाबा,” परशुराम म्हणाला.

त्याने संस्थानाची बैलगाडी जोडून दिली, कारण साहेब यायच्या आत रतन दिसेनाशी व्हायला हवी होती. काळुराम त्याच्या पाया पडला. दुपारी सुमती त्याच खाटेवर निजली. चादर बदलली होती, गादी अजून घामाने दमट होती. मडमसाहेबांनी प्रेमाने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि ताप मुळीच नाही म्हणून त्या हरखल्या. त्या वर्षीचे पेढे सुमतीने कामवाल्या बाईला देऊन टाकले. आठवड्याने कुडशेतहून बातमी आली की रतन वाटेतच पुन्हा तापली आणि घरी पोचल्यावर गेली. त्यावर नवराबायकोत एका शब्दाने बोलणं झालं नाही.

पुढल्या मार्गशीर्षात साहेबच उरला नाही, आणि त्याच्या पुढल्या वर्षी संस्थानही. सोनजे ठाणे जिल्ह्यात विलीन झालं. दिवाण पुण्याला मुलाकडे गेले. परशुरामच्या हातात राहिले ते फक्त सहा छापील अहवाल. त्यांत त्याचं नाव होतं: ‘कंपाउंडर ताम्हाणे यांचे काम प्रशंसनीय.’ सरकारी दवाखान्यात घ्यावं म्हणून तो ते काखेत मारून ठाण्याच्या कचेरीत खेटे घालू लागला. तिथल्या एका तरुण कारकुनाने एकदा सगळे अहवाल चाळले आणि मोठ्याने हसला. “काय हो, तुमच्या संस्थानात कोणी मरतच नव्हतं की काय? मग ते सोडून इकडे कशाला आलात?” आसपासची टेबलंही हसली. परशुरामही त्यांच्याबरोबर हसला, कारण वरच्या माणसाबरोबर हसायची त्याला सवय होती. पण बाहेर आला तो थेट स्टेशनाकडे चालू लागला. पुन्हा तो त्या कचेरीत गेला नाही. कल्याणला पारनाक्याजवळ प्रभाकर डॉक्टरांचा खासगी दवाखाना होता. तिथे औषधाच्या बाटल्यांना डोसाच्या खुणेच्या कागदी पट्ट्या चिकटवायचं काम त्याला मिळालं आणि तो तिथे रुजला.

इथे माणसं मरत, आणि मेली की मेली असंच म्हणत. परशुरामला याचं सुरुवातीला फार बरं वाटलं. हळूहळू मात्र रतन त्याला आठवायला लागली. कोणी बाळंतीण बाकावर येऊन बसली की त्याचा हात थांबे. डॉक्टर ओरडत, “ताम्हाणे, लक्ष कुठाय?”

चौपन्न साली पायाला काटा चिघळलेला एक माणूस पट्टी बांधून घ्यायला आला. मोहन्याच्या रेयॉन कंपनीत कामाला होता. परशुराम खाली बसून जखम धुऊ लागला, तर वरून आवाज आला, “कंपाउंडरदादा, वळाखलंत का? मी कुडशेतचा काळुराम.”

परशुरामने वर पाहिलं नाही. पट्टी बांधून झाली तरी तो पायाकडेच बघत राहिला.

काळुराम मात्र सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं सांगत होता. हे दादा म्हणजे देवमाणूस. माझ्या बायकोला राजाची गाडी दिली यांनी. आमच्यासारख्याला कोण देतो? मग आवाज उतरवून म्हणाला, “पन मी करंटा, दादा. डाक्टर बोललेला हलवू नको, आन मीच घरी न्यायचा हट्ट धरला. मीच मारली तिला. सासू तेच बोलते, आन खरं बोलते. पोरगी तिच्याकडंच हाये. देत नाय मला. मारनाऱ्याच्या घरी कशी देऊ, म्हनते.”

मुळात हट्ट धरला कोणी? पण हा माणूस आठ वर्षं तेच घोकत आला होता, कारण परशुरामने ते त्याच्या मनात नीट बसवून दिलं होतं. काम इतकं चोख झालं होतं की ज्याच्यावर केलं त्याला अजून कळलं नव्हतं.

घरी येऊन त्याने सुमतीला सांगितलं. आठ वर्षांत पहिल्यांदाच तो विषय निघाला. सुमती तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “मग सांगा त्याला. त्याला त्याची मुलगी मिळेल.”

“सांगतो,” परशुराम म्हणाला. आणि पट्टीसाठी काळुराम येत राहिला, जखम भरत आली, तरी त्याने सांगितलं नाही. बाकावर लोक असत, डॉक्टर असत, कारणं काय कमी असतात? शेवटी एका रविवारी काळुरामच पत्ता विचारत घरी आला. गावाकडची चवळीची जुडी घेऊन, दादांचे उपकार फेडायला. मग मात्र पळायला जागा नव्हती.

परशुरामने त्याला खुर्चीवर बसवलं. तो बसेना, म्हणून शेवटी दोघेही चटईवर बसले. परशुरामने सांगून टाकलं. दिवाणांचा निरोप, मडमसाहेब, खाट मोकळी करायची होती ते. “तुझा हट्ट नव्हता रे. मी तुला बोलायला लावलं. माझी चूक आहे, काळुराम.”

काळुराम ऐकत राहिला. मग त्याचे डोळे भरून आले आणि त्याने परशुरामचे दोन्ही हात धरले. “दादा, किती मोठं मन तुमचं. माजं दुख हलकं व्हावं म्हनून सोताच्या अंगावर घेताय.”

“अरे, खरं सांगतोय मी.”

“मला याद हाये ना. मी माज्या तोंडानं बोललेलो, घरी नेतो म्हनून. तुमी तर बोललेलात, तुजी मर्जी.”

लिहायलाही लाज वाटते, पण परशुरामला सुटल्यासारखं वाटलं. आपण सांगितलं, त्याने मानलं नाही, आता आपण काय करणार? आतल्या दाराशी सुमती उभी होती. ‘हिला विचार’ एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. परशुरामने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “चहा टाक गं.”

सुमतीने चहा टाकला नाही. ती बाहेर आली आणि काळुरामसमोर जमिनीवर बसली.

“भाऊ, हे खरं बोलतायत. तुमच्या बायकोला गाडीत घातलं, आणि दुपारी तिच्या खाटेवर मला निजवलं. साहेबाला दाखवायला. मला काही झालं नव्हतं. चांगली धडधाकट होते मी.”

काळुराम तिच्याकडे बघत राहिला. चटईच्या काड्या त्याने बोटांनी उसकटल्या. मग परशुरामकडे न बघता विचारलं, “सुधरत व्हती का ती?”

परशुरामच्या तोंडात नेहमीसारखे चार-पाच मऊ शब्द तयार होते. कोणी सांगावं, देवाच्या मनात काय असतं, असं काहीतरी. ते त्याने गिळले.

“हो. ताप उतरायला लागला होता. तिनं पेज मागितली होती.”

“पेज मागितली?” काळुराम म्हणाला. “मला नाय सांगितलं कुनी.”

मग काळुराम उठला. परशुरामही घाईने उठला आणि म्हणाला, “मी येतो कुडशेतला. तुझ्या सासूला सगळं सांगतो. हात जोडतो तिला.”

“नको,” काळुराम म्हणाला. आवाजात राग नव्हता. “तुमी नका येऊ. तुमी बोललात का मानसाला काय बी खरं वाटतं.” मग तो सुमतीकडे वळला. “वैनी, तुमी याल?”

“येते,” सुमती म्हणाली. “उद्या पहिल्या गाडीनं.”

ती गाडी कुठून सुटते, कुडशेतपर्यंत किती चालावं लागतं, हे ते दोघं दारात उभे राहून ठरवू लागले. परशुराम मध्येच म्हणाला, “शहापूरला उतरा, तिथून जवळ पडतं.” दोघांपैकी कोणीही त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.