राहून गेलेलं कपाळ

मी सौंसरच्या एका शाळेत मराठी शिकवते, आणि मुलांकडून पाठांतर करून घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही. देशाच्या पुढाऱ्यांवर भाषणं दरवर्षी होतातच. या संक्रांतीला मी ठरवलं, यंदा त्यांच्या आया बोलतील. पाचवीच्या पाच मुली पाच आया झाल्या. कोणी मुलाला खरं बोलायला शिकवलं, कोणी स्वतः अक्षर न शिकता त्याला शाळेत धाडलं.

शेवटची आई विधवा होती. नवरा गेल्यावर दळणकांडण करून तिनं मुलगा वाढवला. हे भाषण मी वर्गातल्या सगळ्यात बोलक्या मुलीला दिलं. तिला पांढरं लुगडं नेसवलं, तिच्या कपाळावरची टिकलीही मीच काढून घेतली. पोरीनं भाषण असं ठणकावून म्हटलं की मोहगावहून आलेल्या बायांनी डोळे पुसले.

नंतर हळदीकुंकू होतं. करंडा घेऊन मी आधी स्टेजवरच्या आयांकडे गेले. चौघींना कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि खाली बसलेल्या बायांकडे वळले. मुद्दाम नाही केलं. विधवेला कुंकू लावत नाहीत, हे आपल्याकडे हाताला वेगळं शिकवावं लागत नाही.

मागून कोणीतरी पदर ओढला.

"मॅडम, मायं भाषण चुकलं का जी?"

"नाही गं. काहून?"

"मंग मलेच काहून नाही लावलं?"

दहा वर्षांची पोर, ओठ काढून उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथंच खाली बसून तिला कुंकू लावलं, तिळाचे दोन लाडू दिले. तिचं समाधान झालं. माझं काही होईना.

कारण माझीही आई तशीच. मी चौथीत असताना बाबा गेले. लोकांच्या बागांत संत्र्याच्या तोडीला जाऊन तिनं मला शिक्षिका केलं. आता ती माझ्याकडेच राहते. दर संक्रांतीला माझ्या हळदीकुंकवाचे लाडू तीच वळते, आणि बाया यायच्या आधी उठून आतल्या खोलीत जाऊन बसते. "बाहेर ये" असं मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं. दुसऱ्यांच्या आयांवर मात्र पाच भाषणं लिहिली!

घरी आले तेव्हा ती मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं आधी एवढंच विचारलं, "पोरीले लावलं न मंग?"

"लावलं." करंडा उघडून मी तिच्यासमोर बसले.

"येडी झाली का? लोकं काय म्हणतीन?"

"म्हणू दे. पण तुयी मर्जी नसन तं नाही लावत."

तिनं हातातली मेथी खाली ठेवली. मग चष्मा काढून बाजूला ठेवला आणि चेहरा वर केला. मला रडू आवरेना, कुंकू वाकडंच टेकलं.

"एवढ्या वर्षांनी करंडा घेऊन आली," ती म्हणाली, "आता नीट तं लाव."