राखलेली मिशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, पलटणीतल्या ज्या दोस्तांबरोबर एका ताटात जेवलो त्यांनाही नाही. आणि सांगण्यासारखं आहे तरी काय? एका संध्याकाळी मी एक नळ सोडला — बस्स. नळ सोडल्यानं कुणी गुन्हेगार होतं का? असं स्वतःलाच विचारत मी चार वर्षं काढली.

आधी थोडं माझ्याविषयी. सुभेदार म्हणून पेन्शनीवर आलो आणि कोरेगावजवळच्या आमच्या गावी राहिलो. ग्रामपंचायतीसमोरच्या कट्ट्यावर माझी जागा ठरलेली. मी बोललो की लोक गप्प बसून ऐकत. मिशी तेव्हाही अशीच होती, टोकं वर वळवलेली. माणसाला अशा गोष्टींची चटक लागते — निदान मला लागली.

मुलगाही फौजेत. त्यामुळे सून, स्वाती, आमच्याजवळ राहते. ती माधवनगरची, विश्रामबागच्या कॉलेजात शिकलेली. मला मामा म्हणते. घरात अंघोळीचं पाणी बंबावर तापायचं आणि बंब पेटवायची शालन, माझी बायको. पहाटे उठून दाणे काढलेली मक्याची बुरकुंडं, ओलं-सुकं लाकूड, हाताला लागेल ते घालायची. न्हाणीघराची खिडकी वीतभर. खोकल्याची उबळ आली की भिंत धरून उभी राहायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, धूर बंद करा. मी म्हणालो, माझी आई जन्मभर चुलीपुढं बसली, तिला कुठं काय झालं? आईला काय काय होत होतं हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं, तो भाग वेगळा.

शालनच्या छातीचा त्रास बघून स्वातीनं उन्हावर पाणी तापवणाऱ्या सोलरचं मनावर घेतलं. नुसतं आमच्या घरापुरतं नाही — बचत गटातल्या सगळ्या बायकांसाठी. सांगलीचा एक ओळखीचा कारागीर आठ दिवसांसाठी नमुना म्हणून एक सोलर आमच्या स्लॅबवर बसवून देणार होता. गावानं पाणी बघायचं आणि पटलं तर घरोघरी बसवायचं. धूर जाईल, झाडं वाचतील, हवा चांगली राहील — पोरगी कट्ट्यावर येऊन पुरुषांसमोर हे सगळं न अडखळता बोलली.

मी हसलो. का हसलो? गावानं याआधी बिनधुराची चूल बघितली होती, तिच्यात आता कोंबड्या अंडी घालतात. गोबरगॅसचा खड्डा बघितला होता, त्यात कचरा पडतो. हवा बिघडवली शहरातल्या मोटारींनी आणि विझवायचा आमचा बंब, असंही मला वाटायचं. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. लोक तिचं ऐकत होते, माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. मी मोठ्यानं म्हणालो, "ऐन पौषात उन्हावर पानी तापलं, तर मिशी उतरवीन!"

कट्टा खदखदून हसला. तात्या, माझा लहानपणचा मित्र, म्हणाला, "सुभेदार, वस्तरा परजून ठिवतो बगा."

आता ती संध्याकाळ. सांगायलाच हवी.

सोलर आदल्या संध्याकाळीच स्लॅबवर बसवून झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोक पाणी बघायला येणार होते. शालन आणि स्वाती शेजारच्या आळीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलेल्या. तिथं स्वाती बायकांना सकाळचं आमंत्रण देत होती. घरात मी एकटा. गार असणार ही खात्री करायला म्हणून सोलरचा नळ उघडला — आणि हात झटकन मागं घेतला. वाफ येत होती. पाणी विसणावं लागलं. मग मी, तुम्हाला काय सांगू, त्या पाण्यानं अंघोळ केली. धूर नाही, डोळ्यांत पाणी नाही. दुखरी पाठ शेकून निघाली. बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

अंग पुसलं आणि तात्याचा वस्तरा आठवला.

टाकीतलं तापलेलं पाणी सकाळपर्यंत तसंच गरम राहणार होतं. नळ पुन्हा उघडला. पाटावर बसून राहिलो. मधून मधून धारेखाली बोट धरून बघत होतो — कढत, मग कोमट, मग गार. पाणी मोरीतून परसातल्या अळूच्या आळ्यात जात होतं. मधेच थांबवता आलं नसतं का? आलं असतं. दर वेळी बोट धरताना ते मनात येत होतं.

सकाळी ऊन यायच्या आत अंगण भरलं. पाण्यापेक्षा माझी मिशी बघायलाच जास्त लोक आले होते. स्वातीनं नळ सोडला, धारेखाली हात धरला. तिचा चेहरा उतरला. शालननंही पुढं होऊन धारेत हात घातला आणि हळूच म्हणाली, "गार हाय गं."

"मामा, काल दुपारी चटका बसत होता," स्वाती म्हणाली. माझ्याकडं बघून म्हणाली. घरातला माणूस आपली बाजू घेईल, अशा नजरेनं.

मी म्हणालो, "आगं, उन्हाचं पानी उन्हासंगं गेलं."

काय हसले लोक! ते वाक्य पुढं वर्षभर गावात फिरलं.

स्वातीला वाटलं, कुठलातरी कॉक आपल्याकडूनच उघडा राहिला. ती घरोघरी जाऊन बायकांची माफी मागून आली. आठ दिवस व्हायची वाट न बघता मी सोलर त्याच दिवशी उतरवायला लावलं. एकाही घरानं घेतलं नाही. गटाच्या बैठकीला ती अजून जाते, पण मागं बसते आणि बोलत नाही.

पाणी गार निघालं त्याच दुपारी शालन परसातून आली. "आवं, अळू का वो असा मान टाकून बसलाय?"

"दंवानं," मी म्हणालो. तिनं ती उकडलेली पानं खुडून टाकून दिली.

आता शालनला फुंकणी फुंकवत नाही. उशाखाली औषधाचा पंप असतो. बंब स्वाती पेटवते, आणि या दिवाळीपासून तीही खोकते. तुम्ही म्हणाल, मग आता तरी बसवा की सोलर. मुलगा दर सुट्टीत तेच म्हणतो, दर वेळी मीच मोडता घालतो. कारण बसवलं की पाणी तापणार. आणि पाणी तापलं की शालनला कळणार.

आज सकाळी ती अंगणात उन्हाला बसली होती. स्लॅबच्या कडेकडं, जिथं सोलरचा सांगाडा होता तिथं, बघत होती. दोन शब्दांमध्ये थांबून श्वास घेत म्हणाली, "आवं... त्येच्यानं खरंच पानी... तापत न्हवतं व्हय?"

मी मिशीवरून हात फिरवला.

"न्हाई," म्हणालो. "गारच हुतं."