मेरिनोला दिलेली खळ

नोकरीचा कागद आला तेव्हा सांगलीतल्या आमच्या गल्लीत आठ दिवस माझा भाव वधारला होता. खंडाळ्याला शिक्षिका म्हणून नेमणूक! शेजारच्या काकू म्हणाल्या, "मज्जा आहे बाई तुझी, थंड हवा, धबधबे." ते खंडाळा पुण्याच्या पलीकडचं, माझं अलीकडचं, सातारा जिल्ह्यातलं, आणि शाळा तर तिथूनही नऊ किलोमीटर वर, डोंगरातल्या एका वस्तीवर, हे मी कुणालाच सांगितलं नाही. चार दिवस मोठेपणा मिळतोय तर घ्यावा.

अडचण एकच होती, माझी छाती. लहानपणी मला बाळदमा होता. सहा वर्षांची असताना एक अख्खा पावसाळा मी सरकारी दवाखान्यात काढला आणि माझ्या वडिलांनी, अप्पांनी, तो माझ्या उशाशी बसून काढला. अप्पा हळदीच्या बाजारात तोलार होते. दिवसभर हळद तोलायची आणि घरी आल्यावर माझा खोकला मोजायचा, असा त्यांचा नेम. मी शिकावं, नोकरी करावी म्हणून सगळ्यात जास्त धडपडले तेच. पण मी निघाले त्या दिवशी त्यांनी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून एक कागद करून आणला. माझा राजीनामा, प्रकृतीच्या कारणास्तव. सहीची जागा तेवढी मोकळी. त्याची घडी सदऱ्याच्या खिशात ठेवत ते म्हणाले, "एकदा जरी छाती धरली, तर मी येणार, तू सही करणार आणि आपण घरी यायचं. कबूल?" मी कबूल म्हणाले. बाविसाव्या वर्षी माणूस काहीही कबूल करतं.

शाळेला खोल्या दोनच, म्हणून ती दोन पाळ्यांत भरायची. माझी पाळी सकाळी साडेसातची आणि मी राहायची त्या खंडाळ्यातून पहिली एसटी नऊची. तेव्हा सायकल. सहाला पंजाबी ड्रेस घालून निघायचं आणि पिशवीतली साडी शाळेत गेल्यावर नेसायची, कारण ड्रेसातल्या बाईला गावात कुणी बाई म्हणेना. श्रावण-भाद्रपदात सगळं छान चाललं. थंडी पडली आणि माझी सगळी हुशारी उतरली. मी दोन स्वेटर घालायची. चढाला घामाघूम व्हायची, आतलं सुती भिजून अंगाला चिकटायचं आणि माथ्यावर पोचलं की समोरून वारं यायचं. तो ओला सुती कपडा पाठीवर असा गार पडायचा की हुडहुडीच भरायची. डिसेंबरात व्हायचं तेच झालं. रविवारी एसटीडी बूथवरून घरी फोन केला आणि बोलता बोलता खोकले. तीनदाच. अप्पांनी पलीकडून मोजले असणार. "येत्या शुक्रवारी येतो," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

मला रडूच आलं. पोरं नुकती पाढ्यांना लागली होती, मला सायकल आवडायला लागली होती, आणि एवढ्यात सगळं सोडून सांगलीला जायचं?

मग ट्रंकेच्या तळाची ती बनियन आठवली. थोरला भाऊ फौजेत होता, लडाखकडं. दिवाळीला रजेवर आला तेव्हा त्याने ती दिली होती. लांब बाह्यांची, राखाडी, पातळ. मानेपाशी पट्टीवर मेरिनो असं लिहिलेलं. "ही मेंढीची लोकर, घामानं भिजली तरी गार पडत नाही," म्हणाला होता. "गार पाण्यात धू, धोपटू नको, उन्हात टाकू नको." मी मनात म्हटलं होतं, झालं, आता लोकर अंगाला घालायची. आमच्याकडं लोकर म्हणजे घोंगडं. त्याच्यावर बसायचं, ते पांघरायचं, पण थेट कातडीला लावायचं म्हणजे खाजकुयलीशी सोयरीक.

सोमवारी घातली. टोचली नाही. एक स्वेटर कमी करून निघाले. चढाला घाम आला, बनियन भिजली हे मला कळत होतं, आणि माथ्यावर वारं आलं तेव्हा मी सवयीनं खांदे आक्रसले. काहीच झालं नाही. पाठ ऊबदार ती ऊबदारच. मी चक्क सायकल थांबवली आणि कुडत्यावरून पाठ चाचपून पाहिली. मग त्या उघड्या माळावर, एकटीच, मोठमोठ्याने हसत सुटले. नाक गार, कान गार, बोटं तर जागेवर आहेत की नाहीत कळेना, पण आत मी चुलीपाशी बसल्यासारखी. गुरुवारपर्यंत खोकला गेला. अप्पांना येऊ द्या म्हटलं, बघू द्या.

माझी घरमालकीण धनगराची, मेंढ्यांत जन्म गेलेली. मी तिला मावशी म्हणायची. लोकरीतलं तिला न कळणारं काही नव्हतं, निदान तिच्या मते. माझ्या बनियनीवर तिचा पहिल्यापासून राग. दोन बोटांत धरून उजेडाकडं करायची आणि म्हणायची, "ह्येला लोकर म्हंत्यात व्हय? आवं, आरपार दिसतंय समदं. वारं काय दारात थांबून इचारतंय व्हय, आत येऊ का म्हणून?" शुक्रवारी मी शाळेतून येऊन बनियन तिच्यापुढं ठेवली आणि गार पाणी, धोपटू नका, ऊन नको, तिन्ही पथ्यं सांगून एसटी स्टँडवर अप्पांना आणायला गेले.

परत आले तर मावशी दारातच हसत उभी. तिन्ही पथ्यं तिने पाळली होती. वर आपल्याकडून एक चांगली गोष्ट केली होती. घोंगडीला देतात तशी चिंचोक्याची दाट खळ तिने कुंच्यानं बनियनीला दोन्ही अंगांनी चोपडली होती. "आता वाऱ्याची काय टाप हाय," ती म्हणाली. बनियन चुलीशेजारच्या भिंतीला टेकून उभी होती. टांगलेली नव्हे, आपल्या पायांवर उभी असावी तशी उभी.

अप्पांसमोर मला तोंडातून ब्र काढता येईना. दुसरी बनियन सुती, म्हणजे खोकला, म्हणजे सही. शिवाय अप्पांनी येता येताच भाड्याची सायकल ठरवली होती. "सकाळी तुझ्याबरोबर येतो," म्हणाले. "बघतो तुझा रस्ता." कागद खिशात होता, त्याचा कोपरा मला दिसत होता.

पहाटे ती बनियन मी घातली नाही, तिच्यात शिरले. हात वाकवला की करकर, श्वास घेतला की करकर. वर ड्रेस, वर स्वेटर, आणि निघाले. अप्पा मागे. गाव सुटलं, सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत माझ्या प्रत्येक श्वासाबरोबर आवाज. मी श्वास हळू घ्यायला लागले, तर दम लागायला लागला. निम्म्या वाटेवर, मोठ्या चढाच्या आधी, ओढ्यावरची एक मोरी आहे. तिथं अप्पांनी हाक मारली.

"थांब."

थांबले. त्यांनी सायकल मोरीला टेकवली. तोंड पार उतरलेलं.

"छाती वाजतीय तुझी," ते म्हणाले. "मघापासनं ऐकतोय. फोनवर कळलंच होतं मला."

"अप्पा, ती छाती नाही."

"गप्प. पाठ कर इकडं."

दवाखान्यात करायचे तसा त्यांनी माझ्या पाठीला कान लावला. मी बावीस वर्षांची, भर रस्त्यात. "घे श्वास," म्हणाले. घेतला. करकर. "सोड." करकर. मग कान काढून घेतला. स्वेटरवरून त्यांनी एक टिचकी मारली. टक् असा आवाज आला. पुन्हा मारली.

"काय घातलंयस गं आत?"

मग मी सगळं सांगितलं, मेरिनो, मावशी, खळ. अप्पा मोरीवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि पुसता पुसता थांबेचनात. तेव्हा मला कळलं की मोरीपर्यंतचे चार किलोमीटर हा माणूस माझ्यामागे कसा आला असेल. मला त्यांच्याबद्दल इतकी माया कधीच वाटली नव्हती.

पुढचा चढ मी एका दमात काढला. खळ घामानं सैल पडली, चिकट झाली, करकर थांबली, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी माथ्यावरचं वारं मला शिवलंसुद्धा नाही. मावशीला लोकरीतलं कळत होतं. अप्पा सायकल ढकलत वीस मिनिटांनी पोचले. सुती बंडी घामानं चिंब, आणि वारं सुटलेलं. मी साडी नेसून घंटा दिली, पोरं ओळीत उभी राहिली, आणि ते शाळेच्या पायरीवर उन्हात बसून दात वाजवत पाढे ऐकत राहिले. दुपारच्या एसटीनं सांगलीला गेले. कागदाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. पण तो खिशातच परत गेला आणि माझा घोर तसाच राहिला.

बनियन चार पाण्यांतून काढली तेव्हा माणसात आली. मावशीला म्हटलं, एक खळ बास, आता वर्षभर लागत नाही.

संक्रांतीच्या सुमाराला पत्र आलं. अप्पांचं अक्षर, हळदीच्या पोत्यावर नंबर घालावेत तसं ठळक. "सप्रेम जय भीम. मी आठ दिवस अंथरुणात आहे. खोकला तुला नाही, मला झाला. आई रोज मोजते. थोरल्याला लिही, तसली एक बनियन मलाही पाहिजे. आली की आधी तुझ्या मावशीकडं पाठव. घरात कोरा कागद नव्हता म्हणून ह्याच्यावरच लिहितो आहे. तुझा अप्पा."

मी पत्र उलटलं. पलीकडं टाइप केलेला माझा राजीनामा होता. सहीची जागा अजून मोकळी होती. तिथं अप्पांच्या शाईचे दाबून लिहिलेले शब्द उलटे उमटले होते.