राजाची डावी दाढ

आमच्या इतिहासाच्या सरांनी पेपर फोडला, ही बातमी निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत सगळीकडे झाली होती. संध्याकाळी तिला आणखी पाय फुटले. नुसता फोडला नाही, विकला, आणि आलेल्या पैशांतून स्कूटर घेतली. शेजारच्या काकूंनी तर ओले कपडे झटकता झटकता आईला स्कूटरचा रंगही सांगून टाकला. मोरपंखी म्हणे.

आता खरं काय ते सांगते. स्कूटर सरांच्या मेव्हण्याची आहे. ती फक्त उतारावर सुरू होते, आणि मेव्हणा बाहेरगावी गेला की सरांच्या वाट्याला येते. रंग कधीकाळी मोरपंखी असेलही. राहता राहिला पेपर. सरांच्या तासाला जो एकदा जरी बसलाय त्याला हे ऐकून हसूच येईल. सरांनी मनावर घेतलं असतं तरी त्यांना पेपर फोडणं जमलं नसतं. पहिला प्रश्न सांगायला तोंड उघडलं असतं, मग ते प्रश्नातल्या सेनापतीच्या सासूकडे वळले असते, सासूवरून तिच्या बागेकडे, बागेतून विहिरीकडे, आणि विहिरीतून वर येईपर्यंत परीक्षा उरकून मुलं घरी गेली असती.

शाळेत त्यांना सगळे 'तात्पुरते सर' म्हणतात. आधीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा काही महिन्यांपुरते म्हणून ते आले. बाई परत आल्याच नाहीत. त्यांचं ते बाळ आमच्याच शाळेत शिकून, दाढी फुटून बाहेर पडलं. सर अजून तात्पुरतेच. दर वर्षी परीक्षा संपल्या की मोठ्या बाई त्यांना खोलीत बोलावतात आणि पुढच्या वर्षीचं काही नक्की नाही असं सांगतात. सर दर वर्षी 'बरं' म्हणतात आणि आपला डबा, छत्री, चपलांचा जादा जोड कपाटात तसाच ठेवून घरी जातात.

सर उंच आहेत, पण ती उंची त्यांनी वाकून वाकून खर्च केलीय. डस्टर हाताशी असतानाही फळा बाहीने पुसतात, त्यामुळे त्यांचा उजवा हात दुपारपर्यंत पांढरा होतो. आणि आवाज. सर राजेरजवाड्यांबद्दल असं बोलतात जणू ते वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड आहे. खाली वाकून, दाराकडे एक नजर टाकून, "काय सांगू तुम्हाला, त्याचं आणि त्याच्या भावाचं मुळीच पटत नव्हतं." मग भाऊ, भावजय, भावजयीचे दागिने. मागच्या बाकावरच्या कुणी तरी घड्याळाकडे पाहिलं की सर दचकतात, सरळ होतात आणि म्हणतात, "असो. मूळ मुद्दा." मूळ मुद्दा एका वाक्यात आटपतो. मग परत भावजय.

हे मी हुबेहूब करते. एकदा मधल्या सुट्टीत टेबलावर तिरकी बसून, बाहीला खडू फासून करत होते, तर समोरचे सगळे एकदम गप्प झाले. मी मागे वळले नाही, कळलंच होतं. सर दारात उभे राहून बराच वेळ ऐकत होते. मला म्हणाले, 'असो'च्या आधी एक श्वास घे, मी घेतो. आणि निघून गेले. तेव्हापासून घेते. फार फरक पडतो.

तर दाढेची गोष्ट. पुस्तकात नदीकाठच्या तहाचा धडा आहे. एक राजा आणि त्याचा चुलतभाऊ अनेक वर्षं लढतात, शेवटी नदीकाठी एका तंबूत भेटतात, आणि राजा अर्धं राज्य लिहून देतो. का दिलं, याची पुस्तकात तीन कारणं आहेत. खजिना रिकामा झाला होता, सैन्य दमलं होतं, मित्रांनी पाठ फिरवली होती. सर ही तिन्ही कारणं फळ्यावर लिहितात आणि त्यांच्याकडे पाठ करून उभे राहतात. मग हळूच डावा हात गालावर जातो. त्या रात्री, म्हणतात, राजाची दाढ ठणकत होती. खालची, डावी. राणीने आपला शेला त्याच्या गालावरून डोक्याला बांधला होता आणि वर गाठ मारली होती, सशाच्या कानांसारखी. समोर कलमं वाचून दाखवतायत, हे नदीपलीकडचं, हे डोंगरापर्यंतचं, आणि राजाला ऐकू येतंय फक्त ठण, ठण, ठण. राजाने सही केली ती न वाचता, कारण वाचायला डोळे उघडावे लागतात.

या वाक्यानंतर वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. सर पुस्तकं मिटायला सांगतात आणि पाच ओळी लिहून घेतात. दर धड्याला हेच. पुस्तकं मिटा, पाच ओळी, आत्ताच्या आत्ता.

निकालाच्या दिवशी सकाळी स्क्रीनवर सगळ्या विषयांसमोर आकडे होते आणि इतिहासासमोर लिहिलं होतं, 'निकाल राखून ठेवला आहे.' मला वाटलं आमचं नेट गंडलंय. मग एकेकीचे फोन यायला लागले. अख्ख्या वर्गाचा राखून ठेवला होता. विद्यापीठाचे अर्ज शुक्रवारी बंद होत होते आणि एक जरी रकाना रिकामा राहिला तरी अर्ज पुढे सरकत नव्हता. बाबांनी तो सरकवून पाहिला, माउस आपटूनही पाहिला. मग ते अगदी शांतपणे म्हणाले की वर्ष गेलं तर गेलं, काकांच्या चष्म्याच्या दुकानात माणूस हवाच आहे. काकांचा तासाभरात फोन. त्यांनी माझ्यासाठी स्टूलसुद्धा बघून ठेवलं होतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना काका जो 'हंऽऽ, आता बघा' म्हणतात तो मी सुंदर करते, पण जन्मभर करायची माझी तयारी नव्हती.

दुपारी मोठ्या बाईंनी सांगितलं ते असं. पेपर तपासणाऱ्यांनी तक्रार केली होती की यंदा पहिल्यांदाच आलेल्या तहाच्या प्रश्नाला या शाळेच्या प्रत्येक उत्तरपत्रिकेत पुस्तकात नसलेला एकच मजकूर आहे. प्रत्येक पत्रिकेत दाढ. प्रत्येक दाढ डावी. बहुतेकींत ससा. आणि 'न वाचता, कारण वाचायला डोळे उघडावे लागतात' हे वाक्य जसंच्या तसं, स्वल्पविरामासकट. कुणीतरी उत्तर पुरवल्याशिवाय हे होणं शक्य नाही, असं मंडळाचं म्हणणं. बुधवारी तिघांची समिती येणार होती. कॉपी ठरली तर इतिहासात सगळे नापास.

माझी पत्रिका त्यांनी वेगळी काढून ठेवली होती, कारण माझ्या राजाला मी चार वाक्यं बोलायलाही दिली होती. म्हणून साक्षीला मी.

समिती लायब्ररीत बसली. तिथे बालवर्गाच्या बुटक्या खुर्च्या आहेत, त्यामुळे तिघांचे गुडघे हनुवटीशी आले होते. मधले अध्यक्ष. ते वाक्य असं संपवत जसं कुणी कपाटाचा खण ढकलून बंद करावा. एक बाई, विमानतळावर घोषणा करावी तशा गोड आणि परक्या. तिसरा तरुण अधिकारी, सर्दी झालेला, त्याला प्रत्येक 'म'चा 'ब' करून बोलावं लागत होतं. मी हे सगळं जिभेखाली साठवून घेत होते, पण हसू येत नव्हतं.

अध्यक्षांनी सरांना विचारलं की ही दाढ कुठल्या ग्रंथात आहे. आम्हाला खात्री होती की सर एखाद्या जुन्या बखरीचं नाव ठोकून देतील. मोठ्या बाईंनी तसं सुचवलंही होतं म्हणे, मोघमच. सरांनी पांढरी बाही झटकली.

"कुठल्याच नाही, साहेब. एका वर्षी माझी दाढ दुखत होती. धडा तोच होता. मी गाल धरून शिकवत होतो, मुलं म्हणाली सर काय झालं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. पुढच्या वर्षी दाढ काढली, पण मुलांना ती आधीच्या मुलांकडून कळली होती. विचारायला लागली, दाढ कधी येणार."

तरुण अधिकारी खोकला. अध्यक्ष म्हणाले की एका गप्पेमुळे अख्खा वर्ग एकच वाक्य लिहितो हे पटण्यासारखं नाही. तुम्ही तो धडा इथे शिकवून दाखवा.

आणि सरांनी जे शिकवलं ते ऐकून मला रडू यायचं बाकी राहिलं. घाबरले होते. सरळ उभे राहिले, डस्टरने फळा पुसला आणि तीन कारणं पुस्तकातल्यासारखी म्हणून दाखवली. खजिना. सैन्य. मित्र. घोषणावाल्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. अध्यक्षांनी खण बंद करायची तयारी केली. मला काकांचं स्टूल दिसलं, त्यावर मी, मांडीवर पुसायचं फडकं.

मी ठरवून काही केलं नाही. तोंडच उघडलं. आधी एक श्वास, आणि मग माझ्या घशातून सरांचा आवाज:

"असो. मूळ मुद्दा."

तिघांनी सरांकडे पाहिलं. सरांचे ओठ हललेले नव्हते. सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि सवयच ती, त्या तीन शब्दांनंतर माणूस मूळ मुद्द्यावर थोडाच जातो. खांदे वाकले. एक नजर दाराकडे. टेबलावर तिरके बसले. अध्यक्षांकडे झुकून, वरच्या मजल्यावरचं सांगावं तसं म्हणाले की काय सांगू तुम्हाला, त्या रात्री तंबूत कुणाला झोप नव्हती. हात गालावर गेला. बाई खिडकीतून आत आल्या. शेला बांधला, गाठ मारली, कलमं सुरू झाली, ठण, ठण, ठण. सर्दीवाल्याने रुमाल नाकापाशी नेला होता तो तिथेच राहिला. अध्यक्षांची जीभ आतून गालाला लागली होती, दाढ चाचपत होती. शपथेवर सांगते.

डोळे उघडावे लागतात, असं म्हणून सर थांबले. टाचणी. आणि त्याच दमात, समोर कोण बसलंय हे पार विसरून, त्यांनी दर वर्षीचं वाक्य टाकलं. पुस्तकं मिटा. पाच ओळी, आत्ताच्या आत्ता.

तिघांनी पेनं उचलली. मलाही खरं वाटलं नाही. अध्यक्षसुद्धा. बुटक्या खुर्चीवर गुडघ्याचं टेबल करून तिघं लिहीत होते, बाई हात आडवा धरून, कुणी बघू नये म्हणून. सर फेऱ्या मारत होते. लिहून झाल्यावर सरांनी कागद गोळा केले, वाचले आणि शेवटी आपण कुठे आहोत हे आठवल्यावर त्यांचे कान लाल झाले. कागद त्यांनी टेबलावर ठेवले. तीन दाढा. सर्दीवाल्याची उजवी, पण ससा होता. बाईंचं वाक्य स्वल्पविरामासकट. अध्यक्षांनी 'दाढ' लिहून वर रेघ मारली होती, एकच, बारीक, खालचं सगळं दिसत होतं.

अध्यक्षांनी आपल्याच अक्षराकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, निकाल लावून टाका. दाढेचे दोन गुण कापा. खण बंद.

गुरुवारी रात्री आकडे आले, शुक्रवारी सकाळी बाबांनी अर्ज सरकवला, तो सरकला. काकांनी स्टुलावर एका गरीब भाच्याला बसवलं. मोठ्या बाईंनी सरांना खोलीत बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षीचं काही नक्की नाही.

विद्यापीठात मी इतिहासच घेतला. निरोप द्यायला शाळेत गेले तर सर बाकावर तिरके बसून डबा खात होते. ते म्हणाले, तिथे नक्कल चालायची नाही, पहिला आठवडा गप्प बसून दाखव. मी म्हटलं, आठवडा म्हणजे काहीच नाही. पैज लागली. मी जिंकले तर सरांनी सगळ्यांसमोर माझी नक्कल करायची. हरले तर रविवारी त्यांच्या माळ्यावरचे जुने नकाशे उतरवून झटकून द्यायचे.

पहिल्या दिवशी पहिला तास. सभागृह केवढं तरी मोठं, प्राध्यापक माइकवर. दर वाक्याची सुरुवात 'अर्थातच'ने, मध्ये नाकातून एक छोटासा 'हं', आणि शेवट आपल्यालाच प्रश्न पडल्यासारखा वर जाणारा. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. शेजारच्या मुलीला ऐकू आलं नाही. तिने मला विचारलं, काय म्हणाले गं?

मी सांगितलं. जसं म्हणाले तसं.

प्राध्यापक थांबले. आपणच बोललो का, असं त्यांनी माइककडे बघितलं.

संध्याकाळी सरांना फोन केला. मी 'हॅलो' म्हणायच्या आत ते म्हणाले, "पहिल्या तासाला की दुसऱ्या?"

रविवारी नाकाला रुमाल बांधून मी शिडीवर चढले. सर खाली शिडी धरून उभे होते आणि पुन्हा पुन्हा विचारत होते की प्राध्यापक तो 'हं' नक्की कुठून काढतात, जरा परत करून दाखव.